मशीन विचारतं, निमंत्रक कोण?

प्रत्येक घरात पिशव्यांची एक पिशवी असते बघा. स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलेली. बाजारातून आलेली प्रत्येक पिशवी तिच्यात कोंबायची, आणि एक ओढायला गेलं की चार बाहेर येतात. माझ्याकडं किस्से तसेच साठलेत. फेकवत नाहीत आणि आता मावतही नाहीत. आणि खरं सांगू का, यातला एकही मला निवांतपणे सांगता येत नाही. अर्ध्यात आलं की माझं डोकंच तापतं!

आमचं घर हडको कॉलनीत, शेजारी सुनंदाचं. दोन्ही घरांना भिंत एकच. गल्लीत म्हणतात, पुष्पाबाईला सगळ्यांच्या चौकशा लागतात. म्हणू देत! भिंत एकच असल्यावर मी कान काय माहेरी पाठवून देऊ का?

तर सुनंदा घरी पाळणाघर चालवते. वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांची लेकरं सकाळीच तिच्या दारात येऊन पडतात. तिचा नवरा, प्रकाशराव, लेक शीतल शाळेत असतानाच गेला. या बाईनं लोकांची लेकरं सांभाळून स्वतःचं लेकरू बी.कॉम. केलं. शीतल एका ऑफिसात लागली, ते ऑफिस बंद पडलं. मग पोरीनं घरीच लॅपटॉप उघडला आणि एआयला हाताशी धरून डिजिटल पत्रिकांचा धंदा सुरू केला. म्हणजे लग्नाची पत्रिका, पण कागदाची नाही, मोबाईलवरची. नमुने तयार. गिऱ्हाईकानं एक नमुना विकत घ्यायचा, नावं कळवायची, एआय मजकूर जुळवणार, चित्र काढणार, शीतल तपासणार, आणि पत्रिका तुमच्या मोबाईलवर हजर.

धंदा चांगला चालला. पण शीतलचं स्वतःचं लग्न ठरलं, मुलगा वाळूजलाच एका कंपनीत क्वालिटीला आहे, चांगला आहे, मी चौकशी केलीय, आणि दुनियेच्या पत्रिका करणाऱ्या या पोरीची स्वतःची पत्रिका तेवढी अडून बसली.

अडवली कोणी? भास्कररावांनी. हे शीतलचे थोरले काका, गंगापूरला असतात, ऊस, ट्रॅक्टर, फेटा, सगळं आहे. त्यांचं म्हणणं, पत्रिकेत निमंत्रक मी. शीतल म्हणते, निमंत्रक आई. जिनं वाढवलं तीच बोलावणार! काका म्हणतात, विधवा बाईचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेत आपल्यात टाकत नाय. टाकलं तर आम्ही कोणी हळदीलाबी येणार नाय.

आणि सुनंदा काय म्हणते? "जाऊ दे गं शीतल. माझं नाव नसल्यानं लग्न थोडंच थांबतंय? माणसं नाही आली तर मांडवात तुझ्या बापाकडचं कोण असेल?"

ऐकून माझा जीव नुसता जळतो. असो. धंद्याचं सांगते आधी.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. शीतलनं भिंतीवर थापा मारल्या. आमच्यात तीच बेल आहे.

"मावशी, या लवकर. चित्र बघा."

तिनं एआयला साधं लिहिलं होतं, नवरा-नवरी समोरासमोर, मधे अंतरपाट. त्यानं काय काढावं? नवरा एका टोकाला, नवरी दुसऱ्या टोकाला, मधून बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक लाकडी पाट!

"अगं, हा लग्न लावतोय का पंगत बसवतोय?" मी म्हटलं.

शीतल म्हणाली, "मावशी, त्यानं अंतर पण दिलं, पाट पण दिला. चूक काढू कुठं?"

मग तिनं फोड करून लिहिलं. पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन माणसांनी दोन टोकं धरलेली, वधूवरांना मुंडावळ्या, शेजारी भटजी. या वेळी कापड झकास आलं. स्वस्तिकही आलं. मुंडावळ्याही आल्या. पण भटजींना!

मी म्हटलं, "राहू दे आता. यांचंही याच मांडवात उरकून टाक!"

*

यापुढचा किस्सा पैठणकडच्या गिऱ्हाइकाचा. त्यांनी नावं पाठवली, त्यात नवरीची आजी होती. तिच्या नावाआधी रिवाजाप्रमाणं लिहिलेलं, "गं. भा. कौसल्याबाई."

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी लावतात. हे आपल्याला माहीत. मशीनला कोण सांगणार? त्यानं आपलं डोकं चालवलं आणि पत्रिकेत लिहिलं, "गंगाबाई, भागीरथीबाई व कौसल्याबाई यांची नात."

शीतलनं तपासलं होतं. पण तिला वाटलं, असतील चुलत आज्या. मोठं खटलं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी फोन. नवरीचा चुलत भाऊ. "ताई, आमच्या आज्याला तीन बायका व्हत्या हे आमाला तुमच्या पत्रिकेतून कळलं!"

शीतलच्या तोंडचं पाणीच पळालं. "दादा, माफ करा. आजी रडतायत का हो?"

"रडायली कशाची! ती म्हन्ती, आधी सांगा त्या दोघी कोन हायेत. मी त्यायला बघूनच घेते!"

पत्रिका दुरुस्त झाली, आजी शांत झाली. पण माझं डोकं काही शांत होईना. मला सांगा, नवरा गेला की बाईच्या नावाआधी दोन दोन नद्या सोडायच्या, हे काढलं कोणी? एखाद्या बाप्याची बायको गेली म्हणून त्याच्या नावाआधी कोणी गोदावरी लावलेली ऐकलीय का तुम्ही? तो नुसता श्री. च्या श्रीच! वर्षाच्या आत पुन्हा मुंडावळ्या बांधून तयार!

शीतलनं त्या दिवशी आपल्या सगळ्या नमुन्यांतून ती दोन अक्षरं काढून टाकली. कोणी मागितलीच तर ती सांगते, "आमच्या मशीनला ती येत नाहीत."

भास्कररावांच्या कानावर ही गंमत कोणी तरी घातली. फोन आला, शीतलनं स्पीकरवर टाकला, म्हणजे मला काही कान भिंतीला लावावे लागले नाहीत.

"शीतल, गं. भा. लावूनबी आईचं नाव नको बरं का. पत्रिका देवापुढं ठिवायची असती."

"काका, मग देवाला चालत नाही का तुम्हाला चालत नाही?"

फोन कट! लई राग आला म्हणे त्यांना. येऊ दे. मला पण आला होता.

*

आमच्याच गल्लीत बबनराव आहेत, केटरिंगवाले. पुतणीची पत्रिका करून घ्यायला आले. करून घेतली. चार वेळा बदलून घेतली. गणपती उजवीकडं घे, डावीकडं घे, गुलाबी नको, नको नको, गुलाबीच बरी होती. पोरगी दिवसभर त्याच्यात. आणि द्यायची वेळ आली तसे म्हणतात काय?

"बेटा, याचे कसले पैसे? करतंय तर ते मशीन. तुला काय, नुसतं बटन दाबायचं."

शीतलनं बिचारीनं लॅपटॉप मिटला. काकांना उलट बोलते, पण गल्लीतल्या मोठ्या माणसाशी पैशावरून भांडणं तिला जमत नाही. मी मात्र तिथंच बसून पाळणाघरातल्या एका लेकराला भात भरवत होते.

मी म्हटलं, "बबनराव, शिजवतो तर गॅस. मग तुम्ही ताटामागं पैसे कशाचे घेता?"

गडी एकदम लाल! मोबाईल काढला, पैसे टाकले. जाताना दारातून म्हणाला, "वहिनी, तुमचा या धंद्यात किती टक्का आहे?"

"भिंतीएवढा!" मी म्हटलं.

*

कागदाच्या पत्रिकेचं एक बरं होतं. एकदा छापली की छापली. रुसणारे रुसायचे, आणि लग्न लागायचं. मोबाईलवरची पत्रिका म्हणजे कणकेचा गोळा झालाय. जो येतो तो दाबून जातो!

मुकुंदवाडीचे एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न. मुलीला मामा दोन, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. थोरल्याचं नाव आधी घातलं तर धाकटा म्हणतो, खर्च मी करतोय. धाकट्याचं घातलं तर थोरला म्हणतो, मग मान कोणाचा?

गृहस्थ शीतलला म्हणाले, "ताई, एक काम करा. दोन पत्रिका करा. एकीत थोरले वर, एकीत धाकटे वर. ज्याला त्याला आपापली धाडतो. कोणाला कळतंय?"

शीतल म्हणाली, "काका, कळेल."

"तुमी करा हो. माझ्यावर सोडा."

तिनं केल्या. आता हा माणूस शहाणा असता तर एकेकाला वेगळी पाठवली असती. त्यानं काय केलं? दोन्ही पत्रिका एकदमच घरच्या ग्रुपवर टाकल्या. आणि खाली लिहिलं, "ज्याला जी लागू असंल त्यानं ती घ्यावी"!

दोन्ही मामा त्याच ग्रुपवर.

दोघंही रुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं म्हणे! लग्नाच्या दिवशी नवरीला मांडवात आणायला मामा लागतो. एक बाहेर गाडीत बसलेला, एक मागं पान खात उभा. भटजी ओरडतायत, मुहूर्त चाललाय. शेवटी दोघी माम्या उठल्या. एकीनं डावा हात धरला, एकीनं उजवा, आणि आणली पोरगी मांडवात. लग्न व्यवस्थित लागलं. अक्षता पडल्या. आकाश काही कोसळलं नाही.

आणि हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी शीतलच्या दारात! "तुमच्या पत्रिकेमुळं माझे मेव्हणे तुटले."

मी भिंतीपलीकडूनच ओरडले, "पत्रिकेमुळं नाही हो, तुमच्या त्या 'लागू'मुळं!"

*

आता हा ऐका. हा मला अजून पचलेला नाही.

शीतलच्या नमुन्यात एक बटण असतं, "ठिकाण पाहण्यासाठी इथं दाबा." दाबलं की नकाशा उघडतो. नमुन्यात कुठला तरी पत्ता टाकायला हवा, म्हणून तिनं माझ्या घराचा टाकलेला. मला विचारून. मी म्हटलं, टाक की, आपलं अंगण काय वाईट आहे?

टीव्ही सेंटरकडं एक मोबाईलवाला आहे. त्यानं शीतलचा एक नमुना विकत घेतला आणि आपल्या दुकानात बसून लोकांना विकायला लागला. नावं बदलायची, तारीख बदलायची, आणि खाली स्वतःच्या दुकानाचं नाव! पोरीच्या कष्टावर हा शेठ! बरं, चोरी करायची तर नीट तरी करावी. यानं सगळं बदललं, नकाशाचं बटण तेवढं बदलायचं विसरला.

रविवार होता. मी डोक्याला मेंदी थापून, मॅक्सीवर, पायरीवर बसून लसूण सोलत होते. दारात जीप थांबली. मग दुसरी. फेटे बांधलेली माणसं उतरायला लागली, काठापदराच्या साड्या, अहेराच्या पिशव्या, एक जण तर चांदीचा करंडा घेऊन. सगळे कन्नड तालुक्यातले. एक म्हातारबाबा काठी टेकत माझ्यापाशी आले, मला वरून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाले,

"बाई, लगीन हितंच का?"

मी म्हटलं, "कोणाचं?"

ते म्हणाले, "आता ते आमी सांगावं का तुमी?" आणि मागं वळून मंडळींना ओरडले, "उतरा रे! वरमाय अजून तयार व्हायलीय!"

काय सांगू, मला हसावं का रडावं! सगळ्यांना अंगणात बसवलं. पाणी दिलं, चहा टाकला. सुनंदानं पाळणाघरातल्या सतरंज्या आणून अंथरल्या. शीतलनं पत्रिका बघितली आणि तिला कळलं. तिनं खरं कार्यालय शोधून काढलं, चिकलठाण्याकडं होतं, आणि मंडळींना नीट रस्ता सांगून पाठवलं. जाताना म्हातारबाबांनी करंडा माझ्यापुढं केला. "चहा लई चांगला व्हता. ह्यो हितंच देऊ का?"

त्यांना वाटेला लावलं आणि मी त्या मोबाईलवाल्याला फोन लावला. म्हटलं, तू पोरीच्या पत्रिका चोरून विकतोस?

तो म्हणतो कसा, "काकू, एआयनं बनवलेलं आहे ते. एआयचं असं कोणाचंच नसतं."

"व्हय का?" मी म्हटलं. "मग माझं घर पण एआयनंच बांधलंय का रे मुडद्या?"

*

सगळंच काही वाईट नाही. एक चांगलं पण सांगते, नाही तर म्हणाल, ही बाई नुसती भांडत असते.

वेरूळकडची एक बाई. शाळेत शिकवते. पहिला नवरा सोडून गेलेला, एक मुलगा, पहिलीत का दुसरीत. आता दुसरं लग्न ठरलं. तिनं माहिती भरून पाठवली. पत्रिकेत खाली लहान मुलांची एक ओळ असते ना, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली भाचरांची नावं. त्या रकान्यात तिनं आपल्या लेकाचं नाव टाकलं होतं.

मशीननं नातं बघितलं, आणि सरळ लिहिलं, "आमच्या आईच्या लग्नाला यायचं हं!"

शीतल गारच पडली. ही ओळ अशी कधी कोणी वाचलीय? तिनं पुसायच्या आधी त्या बाईंना स्पीकरवर फोन केला. "मॅडम, मशीननं जरा भलतंच लिहिलंय. मी काढते लगेच." आणि वाचून दाखवलं.

मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक.

मग बाई म्हणाल्या, "थांबा हं, ज्याचं नाव आहे त्याला विचारते."

आणि मग फोनवर बारका आवाज आला, "ताई, माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा! हे एवढंसं नको!"

लिहिलं. ही पत्रिका फिरत फिरत आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर पण आली. बायकांनी खाली हसऱ्या तोंडांची रांग लावली. एकीनं लिहिलं, "काय दिवस आलेत!"

मी त्या दिवशी ग्रुपवर नाही, दारोदार जाऊन बोलले. म्हटलं, बाप दुसरं करतो तेव्हा त्याची पोरं वरातीत नाचतात, तेव्हा तुम्हीच फोटो काढता ना? मग आईच्या लग्नाला लेकरानं चार माणसं बोलावली तर तुमच्या पोटात का दुखतंय?

सुनंदाच्या हातात मोबाईल होता. तिनं ती पत्रिका वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली. एरवी ती लगेच म्हणते, "जाऊ दे." त्या दिवशी ते म्हणाली नाही.

*

आणि हा परवाचा.

शीतलनं आता नवी सोय केलीय. टाईप करायची गरजच नाही. मोबाईल एका बाईच्या आवाजात मराठीत विचारतो, आपण बोलून उत्तर द्यायचं, आणि तो पत्रिका भरून वाचूनही दाखवतो. खेड्यापाड्यातल्या गिऱ्हाइकांना लई सोयीचं.

परवा भास्करराव आले. गंगापूरहून, सोबत काकी. काकी म्हणजे त्यांची बायको, कधी बोललेली मी ऐकली नव्हती. भास्करराव कॉटवर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "आज पत्रिकेचं करूनच जानार. तारीख जवळ आली. लोकं विचारायलीत."

मी साखर मागायला गेले होते. साखर होती घरात, पण ते असू दे.

सुनंदा मागच्या खोलीत लेकरांना झोपवत होती. ती मुद्दामच बाहेर आली नाही. आता एक सांगायला हवं. यांच्या घरात थोरल्या दिरानं भावजयीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी रीत. ती लग्न होऊन आली तेव्हापासून भास्कररावांनी तिला हाक मारलेली नाही. आधी "प्रकाशच्या घरातली," आणि नंतर "शीतलची आई." सुनंदाला त्या घरात नाव म्हणून नव्हतंच!

शीतल वाद घालेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, भांडायचं कशाला? तुम्ही घरातले मोठे. पत्रिका तुम्हीच सांगा. हा विचारेल तसं बोला." आणि मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

भास्कररावांना बरं वाटलं. सावरून बसले.

मोबाईल गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. निमंत्रकाचं नाव सांगा."

"श्री. भास्करराव यशवंतराव, गंगापूर!" एवढ्या मोठ्यानं, जसं काही मोबाईल गंगापूरलाच आहे.

"वधूच्या वडिलांचं नाव सांगा."

"कैलासवासी..." एवढं म्हणून थांबले. फेट्याची घडी नीट केली. "प्रकाशराव."

"वधूच्या आईचं नाव सांगा."

भास्कररावांनी शीतलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तिचं नाव कशाला?"

"धन्यवाद," मोबाईल म्हणाला. "आपली पत्रिका तयार आहे. वाचून दाखवत आहे."

आणि मोबाईलमधल्या त्या बाईनं बातम्या सांगाव्यात तसं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून वाचायला सुरुवात केली. श्रीगणेशाला वंदन झालं, कुलदेवतेला झालं, आणि मग,

"कैलासवासी प्रकाशराव व श्रीमती तिचं नाव कशाला यांची सुकन्या शीतल..."

कोणी हसलं नाही. माझ्या घशातून काही तरी आवाज आला, तेवढाच. पण दारात पाळणाघरातली न झोपलेली दोन कार्टी उभी होती, त्यांना ते फार आवडलं. "तिचं नाव कशाला! तिचं नाव कशाला!" टाळ्या वाजवत घरभर फिरायला लागली.

"हे काय लिवलंय त्यानं?" भास्करराव उखडले.

आणि काकी बोलल्या! जमिनीकडं बघत, पण खणखणीत.

"बरूबर लिवलंय की. चार मान्सात तुमी हेच म्हन्ता. आन् माझ्या नावाच्या जागी तर नुसतं 'सौ. व श्री. भास्करराव' असतंय. त्या 'सौ.' म्होरं काय हाय, इचारा बरं कोनाला बी."

भास्कररावांनी फेटा उचलला. मला वाटलं, चालले. पण त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. मोबाईलकडं बघत राहिले, जसं तोच घरातलं कोणी मोठं माणूस आहे.

"पुन्ना इचार म्हनावं त्याला," ते म्हणाले.

शीतलनं बटण दाबलं.

"निमंत्रकाचं नाव सांगा."

भास्कररावांनी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कृपया निमंत्रकाचं नाव सांगा."

त्यांनी काकीकडं बघितलं. काकी पंख्याकडं बघायला लागल्या. शीतलनं हात पुढं धरलेला तसाच. भास्कररावांनी घसा खाकरला. एकदा. दोनदा. आणि मग शेतात पल्याडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले,

"सुनंदा!"

मागच्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. पदर सावरत, कडेवर झोपलेलं लेकरू तसंच घेऊन, सुनंदा धावत दारात आली.

"आले, आले! कोणी हाक मारली मला?"